कणीचा घास

पेणमधल्या एका घरात दुपारी तीनला गजर वाजतो. मे महिना आहे. अंगणात जुन्या साडीवर पोह्यांचे पापड वाळत घातलेत आणि सावलीत भिंतीला टेकून बसलेल्या आजीचा डोळा लागलाय. गजर झाला की आठवीत जाणारी नात उठते. तूप वाढायची छोटी वाटी घेते, तिच्यात चमचाभर मऊ कालवलेलं खाणं घालते, वाटी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठेवते आणि दोन हात मागे सरकून बसते. श्वास रोखून.

मग पांढुरक्या लोकरीचा एक गुंडा आतून लोळत यावा तसं पिल्लू येतं. वाटीपाशी थांबतं. नाक पुढे करतं, मागे घेतं. पुन्हा पुढे करतं. वाटीतल्या वासाशी त्याचं काहीतरी बोलणं चाललेलं असतं, आणि ते काय ठरतंय याकडे अख्खं घर डोळे लावून बसलेलं असतं. पिल्लू एकदा नातीकडे बघतं, एकदा वाटीकडे, मग मान वळवून फरशीच्या गार चौकोनावर जाऊन पोट टेकतं. तीनचा घास नाकारला गेलेला असतो. आजी डोळे न उघडताच विचारते, “खाल्लं का गं?” नात काही बोलत नाही. तिच्या न बोलण्यावरूनच आजीला कळतं.

या घरात एक इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आहे. आजी आणि तिची सून उन्हाळ्यात ऑर्डरचे पापड करतात. पेणचे पोहे आणि पोह्यांचे पापड मुंबई-पुण्यापर्यंत नावाजलेले आहेत आणि गावातल्या कित्येक बायकांचे हात या कामात असतात. पाव किलोचं पाकीट पाव किलोच भरलं पाहिजे, म्हणून हा काटा. पिल्लू आलं त्या दिवशी काट्यावर पातेलं, पातेल्यात मऊ फडकं आणि फडक्यावर पिल्लू असं ठेवून वजन केलं. पातेलं वजा जाता ६२० ग्रॅम. आजी म्हणाली, “अडीच पाकिटं पापड!” आणि तिने ते पिल्लू पदरात घेतलं ते बराच वेळ खाली ठेवलं नाही.

नावही तिनेच दिलं. तांदूळ पाखडताना सुपात उरते ती कणी. भाताच्या या मुलखात कणीला कमी लेखत नाहीत. कण्यांची पेज आजाऱ्याला देतात, बाळंतिणीला देतात, सकाळी शेतावर जाणाऱ्यालाही देतात. कणी लहान असते, पण भातच असते.

कणी पामेरियन आहे. निदान विकणाऱ्याने तसं सांगितलं. शहरातून, ओळखीच्या ओळखीतून, खोक्यात घालून ती आणली गेली. पिल्लू दोन महिन्यांचं आहे असंही त्याने सांगितलं होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. मागच्या दुधाच्या दाढा जेमतेम टोक काढत होत्या. “दोन महिने? फार तर सहा आठवडे,” ते म्हणाले. कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे केंद्र सरकारचे नियम २०१७ साली आले. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, असं त्यांत स्पष्ट लिहिलंय. या घराला ते आधी ठाऊक नव्हतं. बहुतेक घरांना नसतं.

या दोन आठवड्यांत असं काय असतं? तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पिल्लू दुधावरून हळूहळू अन्नावर येतं. आईच्या तोंडाचा वास घेतं, आईने खाल्लेलं हुंगतं. काही कुत्र्या तर अर्धवट पचलेलं अन्न पिल्लांपुढे ओकतात, आणि तेच त्यांचं पहिलं उष्टावण. भावंडं ताटलीत पाय घालून, एकमेकांच्या अंगावर चढून खातात. अन्न म्हणजे काय, ते कसं ओळखायचं, कधी घाई करायची, हे सगळं त्या धक्काबुक्कीत शिकून होतं. कणीचं हे शिक्षण अर्ध्यावर तुटलं होतं. पेणच्या घरात तिच्यापुढे पहिल्यांदा वाटी आली, तेव्हा ती वाटी कोणाची, तिच्याशी काय करायचं, हे सांगणारं कुणी तिच्याजवळ नव्हतं. माणसं तिला चोखंदळ म्हणत होती. ती बहुधा नुसती गोंधळलेली होती.

पामेरियन हे नाव आलं पोमेरेनियावरून. बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्याचा हा प्रदेश आज जर्मनी आणि पोलंडमध्ये विभागलेला आहे. तिथली ही कुत्री मुळात इतकी लहान नव्हती. राणी व्हिक्टोरियाला १८८८ साली इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये मार्को नावाचा पामेरियन मिळाला. तो बारा पौंडांचा, म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास होता, आणि त्या काळाच्या मानाने लहानच. राणीला लहान कुत्री आवडतात म्हटल्यावर पैदास करणाऱ्यांनी लहानात लहान निवडत नेली. जानेवारी १९०१ मध्ये राणीने शेवटचा श्वास घेतला, तेव्हा तिच्या अंथरुणावर तुरी नावाची पामेरियन होती असं सांगतात. आज या जातीचं मान्य वजन तीन ते सात पौंड, म्हणजे साधारण दीड ते सव्वातीन किलो धरतात. इतक्या थोड्या काळात माणसाच्या हौसेने एक देह एवढा आवळत आणला.

महाराष्ट्रातल्या घरांत ‘पामेरियन’ आलं ते थोडं निराळ्या वाटेने. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला आणि त्यातली टफी घराघरांत पोचली. पांढरीशुभ्र, टोकदार कानांची, शहाणी. त्यानंतर कितीतरी वर्षं तालुक्याच्या गावीसुद्धा पांढरं कुत्रं म्हणजे टफी आणि टफी म्हणजे पामेरियन, असं समीकरण होतं. खरं तर टफी आणि तिच्यासारखी बहुतेक कुत्री इंडियन स्पिट्झ जातीची. अंगाने थोराड, आपल्या उन्हाला सरावलेली, दूधभातावर वाढणारी. रोह्याच्या आजीकडे, म्हणजे नातीच्या आईच्या माहेरी, अशीच एक स्पिट्झ बारा वर्षं होती. त्यामुळे कणी आली तेव्हा घरात सगळ्यांनाच वाटलं, आपल्याला कुत्रं पाळणं येतं.

“भूक लागली की खाईल.” हे वाक्य प्रत्येक घरात असतं. मुलांबद्दल म्हणतात, वासरांबद्दल म्हणतात, रुसलेल्या पाहुण्यांबद्दलही म्हणतात. त्यात अनुभव आहे आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. चौथ्या दिवशी शेजारी हळद होती. संध्याकाळी पाचला कणीने वाटीकडे पाठ फिरवली. घर आवरून सगळे निघाले, आणि निघताना कुणीतरी हेच वाक्य म्हणालं.

रात्री साडेदहाला परतल्यावर दार उघडलं तरी पिल्लू धावत आलं नाही. ते कोपऱ्यात होतं. उठायला गेलं आणि झोकांडी गेली. मान थरथरत होती. नातीने हातात घेतलं तर अंग गार, ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या फिकट. मुलगी रडायला लागली. तिच्या आईने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “शेवटचं कधी खाल्लं?” आणि उत्तर ऐकून लगेच सांगितलं, “घरात मध आहे? नसेल तर साखर दाट विरघळवा. बोटाने हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, श्वासात जाईल. फडक्यात गुंडाळा आणि तसेच निघून या.”

मधाची बाटली देवघरात होती. आजीने पंचामृताचा मध बोटावर घेऊन त्या तांदळाएवढ्या दातांमागे चोळला. दवाखान्यात पोचेपर्यंत पिल्लाने दोनदा जीभ बाहेर काढून ओठ चाटला होता. तिथे सुईने ग्लुकोज दिलं गेलं. मध्यरात्री घरी आणलं तेव्हा ते नातीच्या ओढणीत झोपलेलं होतं, आणि त्याच्या पोटाची वर-खाली होणारी हालचाल चार माणसं उभी राहून बघत होती.

याला रक्तातली साखर उतरणं म्हणतात. अगदी लहान जातींच्या पिल्लांना, विशेषतः तीन-चार महिन्यांपर्यंत, हा धोका असतो. मोठ्या शरीरात यकृत साखरेचा साठा करून ठेवतं, स्नायूंत थोडी पुंजी असते, चरबी असते. एखादं जेवण चुकलं तर शरीर या कोठारातून काढून भागवतं. सहाशे ग्रॅमच्या पिल्लाचं यकृत केवढं आणि त्याचं कोठार केवढं! शिवाय लहान अंग लवकर निवतं. हंड्यातलं पाणी तासाने कोमट होतं आणि पेल्यातलं पाच मिनिटांत, तसंच. एवढंसं पिल्लू दिवसाला साधारण दीडशे कॅलरी मागतं, म्हणजे जवळपास दोन फुलक्यांएवढ्या. माणसाच्या हिशेबाने दर किलोमागे ही भूक सहा-सात पट भरते. आणि पोट मात्र लिंबाएवढं. म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं, न चुकता. भूक लागल्याचं त्याला कळेपर्यंत कधीकधी अंगातलं बळच संपलेलं असतं आणि मग खायला उठण्याची ताकदही उरत नाही. ते जुनं, अनुभवाचं वाक्य इथे लागू पडत नाही. पिल्लाचा यात काही दोष नाही. त्याचा देह माणसाने घडवला आहे, तेव्हा त्याच्या भुकेचं घड्याळही माणसालाच सांभाळावं लागतं.

तेव्हापासून घरात गजर आला. सकाळी सहा, नऊ, बारा, तीन, सहा, रात्री दहा. काही दिवस पहाटे दोनही. पहाटे दोनचा गजर नातीच्या आईने आपल्या उशाशी घेतला. या वेळी पेण शांत असतं. महामार्गावरून जाणाऱ्या ट्रकचा आवाज येतो, लांब कुठेतरी रेल्वेची शिटी येते. तेरा वर्षांपूर्वी याच वेळी ती याच खोलीत उठायची, आताच्या या आठवीतल्या मुलीला पाजायला. अंधारात वाटी शोधणाऱ्या हाताला ते आठवतं.

मग सुरू झाली पदार्थांची परीक्षा. दूध-पोळी ठेवली, दूध तेवढं चाटून पोळी उरली, आणि दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं. डॉक्टरांनी गाई-म्हशीचं दूध बंद करायला सांगितलं, कारण त्यातली साखर पचवणं कित्येक पिल्लांना जमत नाही. हे आजीला पटायला चार दिवस लागले. दूध सोसत नाही असं बाळ असू शकतं, हे तिच्या मनाला पेलत नव्हतं. मऊ भात ठेवला, हुंगून सोडला. अंड्याचा पिवळा बलक एकदा आवडला, दुसऱ्यांदा नाही. पिल्लांसाठीचे तयार दाणे कोमट पाण्यात भिजवून ठेवले, त्यांतले दोन खाल्ले आणि तिसरा तोंडात धरून बाहेर जाऊन पायपुसण्यावर ठेवला. उकडलेल्या कोंबडीचे धागे काढून दिले, त्या दिवशी वाटी लख्ख झाली. घरात सण झाला. दुसऱ्या दिवशी तीच कोंबडी, तीच वाटी, आणि पिल्लाने मान फिरवली.

कुत्र्याच्या जिभेवर चवीच्या कळ्या सतराशेच्या आसपास असतात, माणसाच्या जिभेवर नऊ हजारांच्या घरात. चवीचं जग त्याला आपल्याहून फिकं, वासाचं मात्र कितीतरी गडद. म्हणजे कणी वाटीशी थांबते तेव्हा ती जेवतच असते, फक्त नाकाने. गार अन्नाला वास कमी येतो, कोमट अन्न दरवळतं. हे कळल्यावर नातीने वाटी गरम पाण्याच्या भांड्यात दोन मिनिटं ठेवायला सुरुवात केली आणि फरक पडला. फार नाही, दहातले दोन-तीन घास वाढले. काट्यावर आठवड्यात वीस ग्रॅम चढले. वीस ग्रॅम म्हणजे दोन-तीन पापड. आजीने कॅलेंडरवर पेन्सिलने लिहून ठेवले.

घरातल्या इतर वासांनाही मग नव्याने ओळखावं लागलं. खोलीच्या खुंटीला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ टांगलेली होती. हा कांदा या जिल्ह्याचा अभिमान, गोडसर, २०२२ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वडखळच्या रस्त्याला उन्हाळ्यात या माळांच्या रांगा लागतात. पण कांदा कोणताही असो, कच्चा की शिजवलेला, तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. लसूणही तसाच. मनुका आणि द्राक्षं मूत्रपिंडाला घातक, चॉकलेट हृदयाला. म्हणजे रश्शाचा भात, लसणीची चटणी लागलेली भाकरी, शिऱ्यातला एखादा बेदाणा, यांतलं काहीच नाही. “आपल्या पानातलं काहीच चालत नाही हिला,” आजी म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. ज्याला आपल्या पानातलं देता येत नाही त्याला घरचं कसं करायचं, हा तिचा खरा प्रश्न होता.

जेवणाच्या वेळी पानाबाहेर घास काढून ठेवणं आपल्याकडे फार जुनं. गायीचा, कावळ्याचा, कुत्र्याचा घास. नामदेवांच्या दोन गोष्टी तर प्रत्येक मराठी मूल ऐकतं. एकीत लहानगा नामदेव विठ्ठलापुढे नैवेद्य ठेवतो आणि देव खात नाही म्हणून कासावीस होतो, हट्ट धरून बसतो, देव जेवतो तेव्हाच उठतो. दुसरीत मोठे झालेले नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावतात, कोरडी नको खाऊस म्हणून. पेणच्या आजीने या गोष्टी नातीला कितीदा सांगितल्या असतील. उंबऱ्याशी तुपाची वाटी ठेवून वाट बघत बसलेल्या मुलीत तिला त्या दोन्ही गोष्टी एकदम दिसल्या. न खाणाऱ्यापुढे बसून राहणं आणि कुत्र्यामागे वाटी घेऊन फिरणं.

पण मागे फिरण्यातही एक चूक होती, आणि ती उमगली रोह्यात.

जूनच्या शेवटी, पाऊस लागल्यावर, नात आणि तिची आई कणीला घेऊन रोह्याला गेल्या. दिवा-रोहा गाडीत, वेताच्या टोपलीत, टोपलीची रीतसर पावती करून. कासू, नागोठणे, निडी. खिडकीबाहेर खाचरांत पाणी भरलेलं, राबाची हिरवीगार रोपं वाऱ्यावर हलत होती. कणीने टोपलीच्या फटीतून नाक बाहेर काढलं ते रोह्यापर्यंत आत घेतलं नाही. कोकण रेल्वे रोह्यापासून पुढे सुरू होते, त्यामुळे अनेकांसाठी हे नाव म्हणजे प्रवासाची सुरुवात. या दोघींसाठी इथे प्रवास संपतो.

कुंडलिका दुथडी भरून वाहत होती. रोह्याच्या आजीच्या दाराशी रोज संध्याकाळी एक गावठी कुत्री येते. तपकिरी, एक कान दुमडलेला, पाठीवर जुनी खूण. तिला नाव नाही, ‘आली गो’ एवढंच म्हणतात. आजी तिला तांदळाच्या भाकरीचा चतकोर आणि वर पेज घालते, आणि ती ते खाऊन निघून जाते. रायगडच्या गावागावांतली कुत्री अशीच भाकरीवर, भातावर, माशांच्या काट्याकुट्यांवर जगत आली. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात आणि कुत्र्यांत मात्र चारपासून तीसपर्यंत. माणूस शेती करू लागला, धान्य शिजवू लागला, आणि त्याच्या दाराशी बसलेल्या प्राण्याचं शरीरही त्या अन्नाप्रमाणे बदलत गेलं. दारातल्या त्या चतकोर भाकरीमागे एवढा मोठा काळ उभा आहे.

कणीच्या लशी अजून पूर्ण झालेल्या नव्हत्या. सोळा आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने त्या द्याव्या लागतात. पार्वो नावाचा विषाणू १९७८च्या सुमारास जगभर पसरला, आणि लस न झालेल्या पिल्लांना तो आजही काही दिवसांत संपवतो. त्यामुळे बाहेरच्या कुत्र्याशी भेट नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पडवीला लोखंडी जाळी आहे, आणि ओट्याची पायरी तिच्यापासून चांगली चार हात खाली. कणीला जाळीच्या आत, लांबवर ठेवलेलं होतं. बाहेर पायरीवर तपकिरी कुत्री आली. भाकरी पडली.

ती खायला लागली. मान खाली, डोळे मिटल्यासारखे, जबड्याचा संथ आवाज. कणीचे कान उभे राहिले. ती जाळीकडे बघत राहिली. नातीने सवयीने वाटी उचलली आणि कणीसमोर धरायला गेली. तेव्हा रोह्याच्या आजीने तिचा हात धरला.

“ठेव आणि जा तिकडं. बघत बसू नका गो तिच्या तोंडाकडं. लाजते ती.”

वाटी ठेवली. सगळे आत गेले. आतून, दाराच्या फटीतून, नातीने बघितलंच. बाहेर भाकरी मोडल्याचा आवाज येत होता, आणि आत, जाळीच्या अलीकडे, कणी वाटीत तोंड घालून खात होती. थांबली, बाहेर बघितलं, पुन्हा खाल्लं. वाटी संपली.

पिल्लं एकत्र असली की एकटी असतानापेक्षा जास्त खातात, हे प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक जाणतात. दुसऱ्याच्या जबड्याचा आवाज हीच भुकेला हाक असते. घराघरांत पंगत असते ती यासाठीच असावी. चिऊ-काऊचे घास भरवणाऱ्या आयांना हे कुणी शिकवलं नव्हतं. बाळ एकटं जेवत नाही, म्हणून त्या त्याच्या शेजारी चिमणी बसवतात, कावळा बसवतात, अख्खं जंगल जेवायला बोलावतात.

आजीच्या बोलण्यातला दुसरा भागही तितकाच खरा निघाला. पेणमध्ये चार माणसं वाटीभोवती बसत होती. पिल्लाने मान फिरवली की आवाज हळवे व्हायचे, कुणी उचलून घ्यायचं, कुणी लगेच दुसरा पदार्थ आणायचं. पिल्लू फार लवकर शिकतं. न खाल्लं तर जवळ घेतात, न खाल्लं तर कोंबडी येते, हे त्याने शिकून घेतलं होतं. शिवाय एवढ्या डोळ्यांखाली कुणाला घास उतरेल? पाहायला आलेल्या मंडळींपुढे बसलेल्या मुलीला पोह्यांची चव कळत नाही, तसंच.

त्यानंतर पद्धत बदलली. गजर तेच राहिले. अन्न एकच, कोमट, त्याच जागी. वीस मिनिटं वाटी ठेवायची, कुणी बघायचं नाही, मग काही न बोलता उचलायची. पुढच्या गजराला पुन्हा. वजन मात्र रोज बघायचं आणि मध हाताशी ठेवायचा, कारण एवढ्या लहान जिवाशी ताणून धरण्याचा खेळ करता येत नाही. दुर्लक्ष करायचं नाही आणि मागेही लागायचं नाही, या दोहोंच्या मधली जागा फार अरुंद आहे. नातीला ती सापडायला पाऊसकाळ लागला. तिच्या आईचं म्हणणं, मुलं वाढवताना तिला ती अजून पुरती सापडलेली नाही.

पेणच्या आजीनेही आपला बदल केला. पूर्वी ती सगळ्यांचं आटोपल्यावर ओट्यापाशी उभ्यानेच दोन घास खायची. आता दुपारी बाराच्या गजराला ती पान वाढून उंबऱ्याजवळ बसते, कणीकडे पाठ करून. तिची भाकरी मोडल्याचा आवाज होतो आणि मागे वाटी हलल्याचा. कणीमुळे आजी वेळेवर जेवायला लागली, हे सुनेच्या लक्षात आलं. तिने कुणाला बोलून दाखवलं नाही.

ऑगस्टमध्ये कणी पुन्हा तीन दिवस नीट खाईना. घर पुन्हा धास्तावलं. चौथ्या दिवशी केर काढताना तांदळाच्या तुकड्यासारखं काहीतरी सुपलीत आलं. दात होता. कुत्र्याला दुधाचे दात अठ्ठावीस असतात आणि पक्के बेचाळीस. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडायला लागतात, हिरड्या दुखतात आणि कडक खाणं नकोसं होतं. लहान जातींत कधी दुधाचा दात पडतच नाही, त्याच्या शेजारीच नवा उगवतो आणि जुना डॉक्टरांना काढावा लागतो. कणीचे सुळे तसे राहतात का, याकडे अजून लक्ष ठेवायचं आहे. आजीने तो दात कापसात गुंडाळून जुन्या चांदीच्या डबीत ठेवला. तिथे नातीचाही पहिला दात आहे.

एव्हाना पेणची हवा बदललेली असते. हमरापूर, जोहे आणि पेणच्या गल्ल्यागल्ल्यांतल्या कारखान्यांत मूर्तींच्या रांगा लागलेल्या असतात. बोटभर उंचीपासून माणसापेक्षा उंच. ओल्या शाडूचा वास, रंगाचा वास, काथ्याच्या आणि पेंढ्याच्या गाद्या. डोळे आखणारा कारागीर श्वास रोखून कुंचला टेकवतो. देशात आणि परदेशात जाणारे गणपती इथून निघतात. कणीला घेऊन त्या रस्त्याने जाताना नात तिला छातीशी धरते. गळ्यात पट्टा नाही, अंगात घालायचा पट्टा आहे, कारण या जातीची श्वासनलिका नाजूक असते आणि गळ्याला हिसका बसता कामा नये. कारखान्याच्या फळीवर वीतभर मूर्ती असते. कणीही तेव्हा वीतभरच. दोघींनाही माणसाच्या हातांनी लहान घडवलेलं. मूर्तीपुढे नैवेद्य ठेवतात, पाणी फिरवतात आणि ताट परत उचलतात. मूर्ती उपाशी राहत नाही. कणीच्या पुढची वाटी मात्र खरोखर रिकामी व्हावी लागते.

गणपतीच्या दिवशी घरात मोदक होते, आणि सारणात बेदाणे घालायचे नाहीत असं आजीने आपणहून ठरवलं. एखादा खाली पडला तर? पाहुण्यांतल्या एका लहान मुलाने कणीला बघून आईकडे हट्ट धरला, असंच पिल्लू हवं. आजीने त्याच्या आईला बाजूला घेतलं. पिल्लू घ्यायचं तर आधी त्याच्या आईला बघ, म्हणाली. त्याची भावंडं बघ, जन्मतारीख विचार आणि दोन महिने पुरे झाल्याशिवाय आणू नकोस. घरात पहाटे दोनला कोण उठणार ते आधी ठरव. आणि मधाची बाटली देवघरात असू दे. ती बाई ऐकून गप्प झाली. आणलं का नाही, ते अजून कळलेलं नाही.

गौरी-गणपती गेले त्या संध्याकाळी घर रिकामं रिकामं वाटत होतं. नातीने काट्यावर पातेलं ठेवलं. आता कणी पातेल्यात मावत नाही, पुढचे पाय बाहेर टाकते आणि काट्यावरचे आकडे स्थिर होईपर्यंत तिला धरून ठेवावं लागतं. एक किलो ७८० ग्रॅम. आजीने कॅलेंडरवर पेन्सिलने लिहिलं. गजर आता चारच उरलेत, त्यांतला दुपारी तीनचा अजून वाजतो.